काठी उचलायची, तर बैठका किती?

त्या दिवशी धुकं असं पडलं होतं, की तालमीच्या दारात उभं राहिलं तर आतला मारुती दिसत नव्हता. पौष महिना. कृष्णेकाठचे उसाचे फड पांढरे झालेले, कौलांवरून थेंब टपकत होते. मी दिवा लावला, झाडलोट केली आणि कुणी नाही असं बघून कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला एक बैठक काढली. खाली गेलो. वर काही येता येईना! शेवटी मारुतीच्या कट्ट्याला धरून कसाबसा उठलो.

कोपऱ्यातून आवाज आला, "ऊठ सावकाश, आबा. घाई न्हाई. आजून लय बैठका राह्यल्यात."

वस्ताद! धुक्यात अंगाला तेल चोळत बसला होता. मारुतीनं बघितलं असतं तर चाललं असतं, तो कुणाला सांगत नाही.

मी तालमीचा राखणदार. पैलवान नव्हे. पण तालमीत चाळीस वर्षं काढली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माती चाळताना खडे निघतात तसे निघतात. एक बाजूला टाकावा, तर दुसरा पायाला लागतो. मला लिहायला उशिरा आलं, प्रौढांच्या वर्गात. म्हणून मी हळू लिहितो. तुम्हीपण हळू वाचा.

* * *

आधी काठीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या भैरोबाच्या यात्रेत पंचवीस हात कळकाची काठी निघते. बुडापासून शेंड्यापर्यंत कापडं गुंडाळलेली, वर मोरपिसांचा तुरा. बुडखा कमरेच्या पट्ट्यात बसवायचा, दोन्ही हातांनी काठी उभी धरायची आणि चावडीपासून देवळाच्या पायरीपर्यंत चालायचं. तोल सांभाळायला चार बाजूंनी चार माणसं दोर धरतात. पण वजन सगळं एकट्याच्या कमरेवर आणि मांड्यांवर. वाटेत काठी जमिनीला टेकली, की मान त्या घरातून गेला. गेला तो गेला. परत येत नाही.

हा मान आमच्या घरात माझ्या आज्यापासून. माझ्यामागं माझ्या पोराचा. पण पोरगा मिलिटरीत. गेल्या चैत्रात विहिरीच्या वळणावर माझे पाय असे लटपटले, की बायकांनी तोंडाला पदर लावले. काठी टेकली नाही, एवढंच. पंच मायेनं म्हणाले, "आबा, पुढल्या साली जमंल न्हवं?"

दिवाळीत चौकातल्या एसटीडी बूथवर पोराचा फोन आला. "बाबा, औंदा बी चैत्रात सुट्टी मंजूर न्हाई. येवढी एक यात्रा काढा. त्याच्या म्होरं मी पेन्शनीत. घरीच हाय."

एक यात्रा. एवढीच काढायची होती!

आणि माझ्यानं निघाली नाही, तर मान शेजारच्या येसबाच्या घरात जाणार. पंचांच्या यादीत आमच्यानंतर त्याचंच घर. येसबा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मनानं सरळ. पण त्या सालात तो माझ्याकडं बघायचा ते, दुसऱ्याच्या झाडावरच्या पाडाच्या आंब्याकडं बघावं तसं.

"आबा, गुडघं कसं हायती?" रोज सकाळी दात घासत विचारायचा.

"बरं हायती."

"बरं हायती व्हय?" म्हणायचा, आणि चूळ जरा जोरातच टाकायचा!

* * *

बैठका काढायच्या हे ठरलं. पण किती दिवस आणि किती वेळ? वस्तादाला विचारलं.

"रोज," वस्ताद म्हणाला. "रोज म्हंजी रोज. आन येळ म्हणशील, तर उदबत्ती जळंस्तवर."

आमच्या तालमीत घड्याळ नाही. मारुतीपुढं उदबत्ती लावायची आणि तिची राख होईस्तोवर जोर-बैठका. हा नेम वस्तादाच्या वस्तादापासूनचा. नेम चांगला, पण उदबत्त्या काही सगळ्या सारख्या नसतात!

आमचा एक पैलवान कुस्तीला म्हैसूरकडं गेला होता. येताना भक्तीनं उदबत्तीचा पुडा घेऊन आला. एकेक उदबत्ती हातभर लांब आणि करंगळीएवढी जाड. वस्तादानं कौतुकानं लावली. ऊन दारात आलं, हौदात आलं, मारुतीच्या पायाशी आलं. उदबत्ती अजून निम्मी! पोरं लालबुंद. शेवटी ज्यानं आणली तोच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वस्ताद, फुक मारू का?"

"देवाम्होरल्या उदबत्तीला फुक मारत्यात व्हय रं? काढ बैठका!"

दुसऱ्या दिवशी त्याला दोघांनी धरून बाजेवरून उतरवलं. उरलेला पुडा त्यानं मारुतीलाच वाहिला. पण आमच्या नाही, शेजारच्या गावच्या!

पावसाळ्यात याच्या उलट. ओलसर उदबत्ती दोन मिनिटांत विझायची आणि पोरं मोकळी. एका श्रावणात त्या फारच विझायला लागल्या, तेव्हा वस्तादानं पुडा नाकाशी धरून विचारलं, "आबा, ह्यो पुडा घागरीत कुनी बुडवला?"

मी म्हणालो, "हवाच सर्द हाय, वस्ताद."

खोटं बोललो. मारुतीसमोर बोललो. पण पोरांच्या मांड्या बघवत नव्हत्या हो!

* * *

हायस्कुलात कदम सर म्हणून पीटीचे मास्तर. गळ्यात शिट्टी, खिशात स्टॉपवॉच. मी रोज बैठका काढतो म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"आबा, साफ चूक! स्नायू व्यायामानं वाढत नाहीत, व्यायामानंतरच्या विश्रांतीत वाढतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चाळीस मिनिटं. पंधरा-पंधराचे सेट. मध्ये दम घ्यायचा." आणि मला चौकटीचौकटीचा तक्ता काढून दिला.

मी तो तक्ता तालमीत नेला. वस्तादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इश्रांतीत वाढत्यात? मग आपल्या चावडीवर बसल्यालं समदं हिंदकेसरी व्हायाला पायजेल हुतं!"

आता मी पडलो भिडस्त. वस्ताद जुना माणूस, त्याला दुखवायचं कसं? कदम सर शिकलेले, त्यांना नाही म्हणायचं कसं? मी मधला मार्ग काढला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सरांचं करायचं. आणि वस्तादाचं रोज!

* * *

त्याचं फळ कराडजवळच्या एका लग्नात मिळालं.

पहिल्या पंगतीला मांडी घालून बसलो. जेवलो. पंगत उठली. मी उठेना. म्हणजे मनानं उठलो होतो, मांड्या उठेनात! वाढपी आला. "बसा आबा, बसा, लाजू नगा," म्हणाला आणि पुढ्यात नवी पत्रावळ टाकली. शिरा, भात, आमटी पुन्हा पहिल्यापासून. दुसरी पंगत उठली. मी तिथंच. तिसरी पंगत बसली ती बायकांची!

एका बाजूला नवरीची आत्या, एका बाजूला मावशी, आणि मध्ये फेटा बांधून मी. आत्यानं घास हातात धरूनच विचारलं, "आवं, तुमी कुनाकडलं?"

"मी आधीपास्नंच हाय, बाई," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मांडवात बातमी पसरली, की एक म्हातारा तीन पंगती जेवतोय. लोक बघायला यायला लागले. शेवटी येसबा आला. तोही त्याच लग्नाला होता. त्यानं माझ्या बगलेत हात घालून मला उभं केलं आणि कानाशी हळूच म्हणाला, "आबा, काठी शिऱ्यापरास जडच असंल न्हाई?"

* * *

घरी आल्यावर कारभारणीनं मला इस्लामपूरला हाडांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तरणा डॉक्टर, गोरागोमटा, पोट जरा टेबलाच्या पुढं आलेलं. त्यानं गुडघे ठोकले, मांड्या दाबल्या, आणि सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली. उदबत्ती, तक्ता, पंगती, सगळी.

"आबा, एक दिवस करा, एक दिवस सोडा," तो म्हणाला. "अर्धा-पाऊण तास पुरे. थोडंथोडं वाढवा. आणि नुसत्या बैठका नकोत. काहीतरी वजन धरून चाला. काठी घेऊन चालायचंच आहे ना तुम्हाला?"

माणूस समजूतदार वाटला. म्हणून मी आपुलकीनं विचारलं, "डॉक्टरसायेब, तुमी सोता किती करता?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणाला, "करतो की. दोनदा."

"हप्त्यातनं?"

मागून कंपाउंडर म्हणाला, "न्हाई आबा. एकदा एक जानेवारीला, आन एकदा दोन जानेवारीला!"

* * *

त्याच सुमाराला इस्लामपुरात जिम निघाली. भिंतभर आरसे, लोखंडी चकत्या, आणि जागेवरच चालणारी एक सायकल. वस्ताद म्हणाला, "चल आबा, बघून यू. माती न्हाई आन तालीम म्हणत्यात."

जिमवाला पोरगा चांगला होता. वस्तादाला मानानं सायकलवर बसवलं. म्हणाला, "वीस मिनिटं मारा, वस्ताद."

वस्तादानं कोपरीच्या खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि सायकलच्या हँडलला खोचली!

पोरगा धावत आला. "वस्ताद, हितं धूर चालत न्हाई. त्यो बघा की, समोर घड्याळ हाय."

"घड्याळाला काय कळतंय, मी दमलोय का न्हाई?"

"मग उदबत्तीला कळतंय व्हय?"

वस्ताद पायडल मारायचा थांबला. उदबत्तीची राख त्यानं बोटानं हळूच झटकली. मग म्हणाला, "कळत नसंल. पर ती बी माज्यासंगं जळती की रं."

पोरानं जाऊन खिडकी उघडली.

* * *

माघ निम्मा झाला. एकजण रोज म्हणतो, एकजण तीन दिवस, एकजण दिवसाआड. अंगणात बसून मी बोटं मोजत होतो. कारभारीण भाकरी थापता थापता म्हणाली, "काय मोजताय?"

"किती दीस करावं आन किती येळ, काय कळंना झालंय."

तिनं तव्यावर भाकरी टाकली. "मी सकाळधरनं ह्या चुलीम्होरं शंभर येळा उठती आन शंभर येळा बसती. चाळीस वर्सं झाली. मला कुनी कवा तक्ता काढून दिला व्हय?"

मी मोजायची बोटं मिटली.

"नळाला पानी दिवसाआड येतंय का न्हाई?" ती म्हणाली.

"येतंय."

"पाऊण तास असतंय का न्हाई?"

"असतंय."

"मग उद्यापास्नं पानी तुमी आनायचं. घागर डोस्क्यावर घ्यायची न्हाई, कमरंम्होरं धरायची. काठी काय डोस्क्यावर घेताय व्हय?"

त्याच सालात गावात नळ आले होते. पेठेच्या टोकाचा नळ आमच्या घरापासून शंभर-सव्वाशे पावलं, आणि येताना चढ. पहिल्या दिवशी चार खेपांत जीव गेला. घागर पोटाशी धरून मी चढ चढतोय, पाणी हिंदकळून धोतर भिजलंय, आणि नळावरच्या बायका पदरात तोंड घालून हसतायत. पण आठ दिवसांत त्यांनाच सवय झाली. मी दिसलो की वाट द्यायच्या. "ये बाई, सर मागं! आबास्नी म्होरं जाऊ दे. त्यांची तालीम हाय!"

चाराच्या सहा खेपा झाल्या, सहाच्या नऊ. मधल्या दिवशी आराम. कदम सरांना सांगितलं, तर त्यांनी स्टॉपवॉच लावून मला दोन खेपा करायला लावल्या आणि म्हणाले, "आबा, एकदम शास्त्रीय!"

कारभारणीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, तुमच्या बी घरी नळ हाय का?"

* * *

फाल्गुनात पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. नळ बंद! यात्रेला पंधरा दिवस राहिलेले. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. बायका विहिरीवर जायला लागल्या. पण विहीर पडली उताराला. येताना चढ खडा, आणि पायऱ्या निसरड्या. कारभारणीनं मला शपथच घातली, तिकडं फिरकायचं नाही. मला घरात करमेना. मांड्या हाताखाली मऊ लागायला लागल्या. आता मऊ लागत होत्या, का मला वाटत होतं, देव जाणे.

पाचव्या दिवशी मी रांजणातलं पाणी घागरीत भरलं, घागर कमरेपुढं धरली आणि निघालो नळाकडं. नळापाशी जाऊन टेकलो, दम घेतला, आणि तीच भरली घागर उचलून परत घरी. रांजणात ओतली. पुन्हा भरली. पुन्हा नळ.

तिसऱ्या खेपेला येसबा ओट्यावर येऊन उभा राहिला. चौथ्या खेपेला त्याची बायको आली. पाचव्या खेपेला येसबानं विचारलं, "आबा, नळाला पानी द्याया निघालाय व्हय?"

मी म्हणालो, "आटलाय बिचारा!"

तो हसला नाही. माझ्या मांड्यांकडं बघत राहिला.

* * *

यात्रेच्या दिवशी पट्टा बांधताना वस्ताद म्हणाला, "आबा, खाली बघू नगंस. काठीचा शेंडा आन देवळाचा कळस, दोनच बघ." कदम सर म्हणाले, "श्वास सोडत उचला." कारभारणीनं पट्ट्याची गाठ एकदा ओढून बघितली.

चार दोरांपैकी मागचा दोर यादीतल्या पुढच्या मानकऱ्यानं धरायचा, ही आमच्याकडची पद्धत. काठी पुढं कलली, तर तिला धरणारा तोच. म्हणजे येसबा. दोर हाताला वेढून माझ्या पाठीशी उभा होता.

हलगी सुरू झाली. काठी उचलली. बरी उचलली हो! चावडी सुटली, पेठ सुटली. शेंडा, कळस. शेंडा, कळस. नळ आला तसा नळावरच्या बायकांनी गुलाल टाकला. चढ लागला, तो मी न थांबता चढलो. मनात म्हटलं, आता काय, देऊळ दिसतंयच की!

आणि विहिरीच्या वळणावर वारं आलं.

शेंडा पुढं झुकला. त्याच्यामागं काठी. त्याच्यामागं मी. उजवी मांडी थरथरायला लागली, मग डावी. दोन्ही बाजूंचे दोरवाले ओरडायला लागले, पण आडव्या दोरांचा तिथं उपयोग नव्हता. हलगी थांबली. शेंडा अजून पुढं, अजून पुढं. आता टेकणार! माझ्या डोळ्यांसमोर माझा आजा उभा राहिला. खरंच सांगतो.

मागचा दोर ताणला.

नुसता ताणला नाही. बाजेची सुंभं आवळतात तसा कडकन आवळला! काठी थांबली, थोडी मागं आली, सरळ झाली. मला मागं बघता येत नव्हतं. पण येसबाचे पाय मातीत रुतल्याचा आवाज ऐकू आला, आणि त्याच्या घशातून रेड्यासारखा हुंकार. त्यानं दोर थोडा सैल सोडला असता, तर त्याला कुणी काही म्हणालं नसतं. वारंच होतं तसं.

हलगी पुन्हा सुरू झाली. तीस पावलं. वीस. दहा. काठी देवळाच्या पायरीला लागली आणि गुलालानं मला काही दिसेना. वस्तादानं मिठी मारली. कारभारीण लांब उभी राहून डोळ्यांतला गुलाल पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

गर्दी पांगली. मी देवळाच्या मागं लिंबाखाली बसलो. येसबा आला. दोराच्या वळांनी हाताचे पंजे लालभडक झालेले. एक हात लिंबाला लावून, दात आवळून, सावकाश माझ्या शेजारी टेकला.

"येसबा," मी म्हणालो, "तू दोर का धरलास रं?"

त्यानं धोतर वर सारलं आणि आपल्या मांड्यांवर दोन्ही हात आपटले.

"ते मला इचारू नगा आबा! पौषापास्नं रोज पाटंचं गोठ्यात, म्हशीच्या मागं, चोरून दोन-दोनशे बैठका काढल्यात मी! आता ह्या मांड्यांचं काय करू, ते तुमीच सांगा!"